लार्च सोनेरी होतात तेव्हा: ऑक्टोबरातल्या एंगाडिनचे आठ दिवस

स्वित्झर्लंडची सहल आखताना आपल्याकडे आधी शिखरं ठरतात. टिटलिस, युंगफ्राउ, आणि उरलेल्या दिवसांत ल्युसर्न, झुरिक. ऑक्टोबरात जायचं असेल तर आधी झाड ठरवा. लार्च हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी सगळ्या सुया गाळणारा वृक्ष आहे, आणि गाळण्यापूर्वी दोनेक आठवडे तो डोंगरच्या डोंगर सोनेरी करून टाकतो. हे बघायला देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्राउब्युंडेन प्रांतात, वरच्या एंगाडिन खोऱ्यात जावं. खोऱ्याचा तळच सुमारे १,८०० मीटरवर आहे. शरदात झुरिक-ल्युसर्नच्या सखल भागावर धुक्याचा थर दिवसदिवस बसून राहतो. एंगाडिन त्या थराच्या वर असतं, त्यामुळे खाली सगळं राखाडी असताना इथे लख्ख ऊन मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

तारखा

कासच्या पठाराचा बहर जसा तारखेला बांधलेला नसतो, तसंच लार्चचं. तरी वरच्या एंगाडिनमध्ये ५ ते २० ऑक्टोबर हा पट्टा धरावा. उंचावरची झाडं आधी पिवळी होतात आणि रंग हळूहळू खाली उतरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात गेलात तर वरच्या वाटा, तिसऱ्यात गेलात तर तळातली रानं. कडक थंडी पडून वर जोराचा वारा सुटला, की दोन दिवसांत झाडं रिकामी होतात.

२० तारखेनंतर जायला आम्ही ठामपणे नको म्हणू, आणि त्याचं कारण फक्त लार्च नाही. उन्हाळी हंगाम संपला की केबलकार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होतात. बरीच हॉटेलं आणि खाणावळी तिसऱ्या आठवड्यानंतर कुलूप लावतात ते थेट डिसेंबरात उघडतात. ग्लेशियर एक्सप्रेस ही पर्यटक गाडीसुद्धा ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत धावत नाही. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी या खिंडीत सापडते. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या आठवड्यात एंगाडिनला पोचलात तर बोडकी झाडं आणि बंद दारं मिळतील. मुलांच्या सहामाहीचं वेळापत्रक शाळेकडून आधी विचारून घ्या आणि ५ ते २० ऑक्टोबरच्या पट्ट्यात जमतंय का बघा. जमत नसेल तर त्या वर्षी हा बेत सोडून मोठ्या शहरांचा करावा.

व्हिसा, पास, सामान

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण कागदपत्रांवर शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. ऑक्टोबरच्या प्रवासासाठी जुलैत अर्ज घाला. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि त्यात शेंगेन क्षेत्राचा स्पष्ट उल्लेख हवा. या आराखड्यात एक दिवस इटलीच्या हद्दीत पाऊल पडतं, पण रात्री सगळ्या स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणून अर्ज स्विस व्हिसाचाच.

पासच्या बाबतीत डोळे मिटून स्विस ट्रॅव्हल पास घेऊ नका. तो रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला परवडतो. इथे लांबचे प्रवास दोनच आहेत, जाण्याचा आणि येण्याचा. मधले दिवस खोऱ्यातच जातात, आणि दोन किंवा जास्त रात्री राहणाऱ्यांना उन्हाळी हंगामात इथली अनेक हॉटेलं केबलकार किंवा स्थानिक बस-ट्रेनचा पास खोलीभाड्यातच देतात. बुकिंग करताना तेवढं विचाराच. असं हॉटेल मिळालं तर महिनाभर चालणारं, निम्म्या भाड्यात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड बहुतेकदा स्वस्त पडतं. खात्री करायची तर स्विस रेल्वेच्या, म्हणजे एसबीबीच्या, अ‍ॅपमध्ये प्रत्येक दिवसाचं पूर्ण भाडं बघा, बेरीज करा, निम्मी करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा आणि पासच्या किमतीशी ताडून बघा. वीस मिनिटांचं काम आहे. आईवडिलांपैकी एक सोबत असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मोफत मिळतं. ते पास किंवा हाफ फेअर कार्ड घेतानाच मागून घ्यावं.

सामानात तीन गोष्टींवर लोक हमखास अडतात. पहिली प्लगची. स्विस सॉकेट भिंतीत खोल, षट्कोनी असतो. आपला जाड तीन पिनांचा प्लग त्यात जात नाहीच, पण ‘युरोप’ म्हणून विकला जाणारा जाड गोल अ‍ॅडॉप्टरही जात नाही. मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना थेट बसतात. बाकीसाठी स्विस अ‍ॅडॉप्टरच लागेल. दुसरी सिमकार्डाची. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे ‘युरोप’ लिहिलेल्या पॅकमध्ये ते आहे की नाही हे देशांच्या यादीत वाचून घ्या. तिसरी खाण्याची. भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरीच ठेवा. मेतकूट, तेलातले ठेपले, चटण्या, पोहे चालतात.

कपडे थरांचे. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली, दुपारी उन्हात दहाएक अंश. हातमोजे, कानटोपी आणि खाचांचा तळ असलेले बूट हवेतच, कारण सावलीतल्या वाटेवर सकाळचं दव गोठून काचेसारखं होतं.

पहिला दिवस: झुरिक ते पोंट्रेसिना

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं थेट विमान झुरिकला सकाळी लवकर उतरतं. स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे. तिकीट ट्रेनमध्ये चढण्यापूर्वी हातात हवं, आत बसून काढलेलं चालत नाही. झुरिक मुख्य स्थानकावरून कूरपर्यंत सव्वा तास, तिथून रेटिश रेल्वेची लाल मीटरगेज गाडी सेंट मोरिट्झकडे दोन तास. पोंट्रेसिना या आपल्या मुक्कामाच्या गावासाठी सामेदानला गाडी बदलायची.

कूरहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरा. तिफेनकास्टेल मागे पडलं की लांडवासर पूल येतो: १३६ मीटर लांब, ६५ मीटर उंच, पूर्ण वळणावर बांधलेला, आणि पलीकडचं टोक सरळ कड्यातल्या बोगद्यात. गाडी उजवीकडे वळते, म्हणून आपल्याच गाडीचे पुढचे डबे पुलावर दिसतात. मग बर्ग्यून ते प्रेडा. दोन्ही गावांच्या उंचीत चारशेहून जास्त मीटरचा फरक आहे, आणि दातेरी रूळ न वापरता तो चढायचा म्हणून मार्ग डोंगराच्या आत गोल गोल फिरवला आहे. बर्ग्यूनचं चर्च आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या बाजूला, दर वेळी आणखी खाली दिसतं. हा रेल्वेमार्ग १९०३ चा; वरच्या टोकाचा आल्बुला बोगदा मात्र २०२४ पासून नवा आहे.

मुक्काम सेंट मोरिट्झऐवजी पोंट्रेसिनाला करावा असं आमचं मत. भाडी तुलनेने आवाक्यात, लार्चचं रान स्टेशनाच्या मागेच, आणि बर्निना मार्गावरच्या गाड्या इथूनच जातात. युथ होस्टेल तर स्टेशनासमोरच आहे. सातही रात्री एकाच जागी काढा. रोज बॅगा बांधण्यात जे दोन तास जातात, ते ऑक्टोबरच्या आखूड दिवसात परवडत नाहीत.

दुसरा दिवस: श्ताझचं तळं

उंची अंगवळणी पडायला आणि झोपेचं गणित बसायला सपाट वाट बरी. पोंट्रेसिनाहून श्ताझच्या रानातून तळ्यापर्यंत आणि पुढे सेंट मोरिट्झपर्यंत दीड-दोन तासांचं चालणं आहे. इथल्या रोमान्श भाषेत तळ्याला ‘ले’ म्हणतात, म्हणून पाटीवर ‘ले दा श्ताझ’ दिसेल.

इथे एक डहाळी हातात घेऊन बघा. लार्चच्या सुया सुट्या नसतात; डहाळीवर छोट्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठीतून वीस-तीसचा झुबका फुटतो. पाइनसारख्या त्या टोचत नाहीत, शेपूच्या भाजीसारख्या मऊ लागतात. त्या इतक्या पातळ की ऊन आरपार येतं. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन बघितलेला लार्च नुसता पिवळा दिसतो आणि सूर्याच्या दिशेला तोंड करून बघितलेला पेटल्यासारखा. फोटो काढणाऱ्यांनी सकाळी आणि उतरत्या दुपारी उन्हाच्या समोर उभं राहावं. मधूनमधून जी गडद हिरवी झाडं दिसतात ती आर्व्हे पाइनची. ती रंग बदलत नाहीत, आणि त्यांच्यामुळेच सोनेरी आणखी उठून दिसतं.

परतताना किराणा भरून ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेला आहे, तेव्हा दुपारचं जेवण डब्यातून आणि रात्रीचं कधी बाहेर, हे धोरण ठीक. पाणी विकत घेऊ नका. गावातल्या हौदांवरचं पिता येतं, फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथलं नाही.

तिसरा दिवस: मुओट्टास मुराल्य

हवा निरभ्र असेल तो पहिला दिवस याला द्या, मग तो तिसरा असो वा पाचवा. सकाळी केबलकार कंपन्यांचे वेबकॅम बघितल्याशिवाय तिकीट काढू नये.

पुंट मुराल्यहून १९०७ साली सुरू झालेली फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, दहा मिनिटांत सुमारे २,४५० मीटरवर नेते. वरून सेंट मोरिट्झ, शांफेर, सिल्वाप्लाना आणि सिल्स ही तळी एकामागे एक ओळीने दिसतात आणि मधला सगळा उतार सोनेरी. दुपारनंतर तळी प्रकाशात चमकतात पण तपशील जातो. तपशील हवा असेल तर सकाळी जा.

वरून आल्प लांगुआर्डपर्यंतची वाट सुमारे सात किलोमीटर, अडीच तास. तिथून चेअरलिफ्टने पोंट्रेसिनाला उतरता येतं, आणि गोंधळ इथेच होतो: ही चेअरलिफ्ट फ्युनिक्युलरच्या आधी बंद होऊ शकते. सकाळीच तिची शेवटची तारीख आणि शेवटची फेरी बघा. बंद असेल तर पाचशे मीटरचा उतार गुडघ्यांवर घ्यावा लागतो, सव्वा-दीड तास. वाटेवर बर्फ पडलेला असेल तर वरच थोडं फिरून त्याच गाडीने खाली या.

पाट्यांचे रंग लक्षात ठेवा. नुसती पिवळी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, घसरण आणि दरी धरून. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे गिर्यारोहकांची अवघड वाट, ती आपल्यासाठी नाही. पाटीवरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते, त्यात एक तृतीयांश मिळवा. अपघात झालाच तर हवाई बचाव १४१४, रुग्णवाहिका १४४.

चौथा दिवस: वाल रोझेग

स्टेशनामागून सात किलोमीटरची, हलक्या चढाची वाट हिमनदीच्या दिशेने जाते. दोन तासांत टोकाचं हॉटेल येतं, उंची जवळपास २,००० मीटर. ओढ्याच्या काठाने पायवाट वेगळी आणि घोडागाडीचा रस्ता वेगळा आहे, पायवाटच घ्या. वयस्कर मंडळींसाठी घोडागाडी आहे, पण ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. दरी अरुंद आहे. ऑक्टोबरात सूर्य कड्याआड लवकर जातो आणि त्यासरशी थंडी झपकन अंगावर येते, म्हणून नऊच्या सुमारास निघून तीनपर्यंत परत फिरणं योग्य.

पाय शिल्लक असतील तर मोर्तेराच स्टेशनावरून हिमनदीकडे जाणारी तासाभराची वाटही करता येते. वाटेवर वर्षं लिहिलेले खांब आहेत: त्या त्या साली बर्फ कुठपर्यंत होतं ते दाखवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिमनदी सुमारे तीन किलोमीटर मागे सरकली आहे. स्वतःच्या जन्मसालाच्या आसपासचा खांब शोधावा आणि तिथून पुढे बर्फापर्यंतचं अंतर चालून बघावं.

पाचवा दिवस: बर्निना ओलांडून तिरानो

खास काचेच्या डब्यांची बर्निना एक्सप्रेस आरक्षणाचे वेगळे पैसे घेते आणि तिच्या खिडक्या उघडत नाहीत. त्याच रुळांवरून तासातासाला साधी गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, तिच्या बऱ्याच डब्यांत खिडकी खाली ओढता येते, आणि मध्ये कुठेही उतरता येतं. आमची पसंती निःसंशय साधी गाडी.

छोट्या स्टेशनांवर मात्र गाडी आपणहून थांबत नाही. आत असाल तर दाराजवळचं बटण वेळेवर दाबायचं, आणि चढायचं असेल तर फलाटावरचं. मोर्तेराचला फलाटावर उभं राहून समोरून गाडी निघून जाताना बघायची वेळ येते ती यामुळे.

उजवीकडे बसा. मोंटेबेल्लोच्या वळणावर मोर्तेराच हिमनदी समोर येते, पुढे लागो बियांको. त्याच्या आधीच्या छोट्या काळ्या तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला जातं. लागो बियांकोचं पो नदीतून एड्रियाटिकला. ओस्पिझिओ बर्निना हे मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन २,२५३ मीटरवर, तिरानो ४२९ वर. एवढा उतार गाडी दातेरी रुळाशिवाय उतरते, काही ठिकाणी सात टक्के. आल्प ग्र्यूमला उतरून एक गाडी सोडून द्या. तिथे मोटाररस्ता नाही आणि खालच्या खोऱ्याचं दृश्य थांबूनच बघण्यासारखं आहे. पोस्क्याव्होच्या तळ्यापाशी मात्र डावीकडे या. ब्रूसिओला नऊ कमानींच्या गोल पुलावरून गाडी स्वतःच्याच रुळांखालून निघते.

पोस्क्याव्होला जेवा. कुट्टूच्या पिठाच्या रुंद शेवया, बटाटा, कोबी, चीज आणि लोणी यांचं पित्सोक्केरी हे पोटभरीचं आणि शाकाहारी खाणं. बडीशेपेसारख्या वासाची राय या धान्याच्या पावाची गोल कडी, ब्राशादेला, डब्यासाठी घ्या. पासपोर्ट बरोबर ठेवा, तिरानो इटलीत आहे.

शाकाहारींसाठी इथेच सांगून ठेवतो. शरद हा शिकारीच्या मांसाचा हंगाम असतो आणि सगळ्या फलकांवर हरीणच हरीण दिसतं. पण त्या ताटातली तोंडीलावणी वेगळी मागता येतात: श्पेट्झ्ली (पिठाच्या छोट्या उकडलेल्या शेवया), लाल कोबी, पाकातले चेस्टनट, भाजलेलं पेअर. अनेक ठिकाणी हे ‘हर्ब्स्टटेलर’ नावाने शाकाहारी ताट म्हणून मिळतं. जवाच्या सूपमध्ये आणि रोस्टीत (किसलेल्या बटाट्याच्या थालिपिठात) मांसाचे तुकडे असू शकतात, तेव्हा ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ (मांस नको, डुकराचं खारवलेलं मांसही नको) असं दोन्ही सांगा. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज टाळावं.

सहावा दिवस: सिल्स आणि फेक्स

सेंट मोरिट्झहून बसने वीस मिनिटं. सिल्स मारियाहून फेक्स खोऱ्यात परक्या मोटारींना बंदी आहे, म्हणून चालायला शांत. क्रास्तापर्यंत घळीतल्या वाटेने तास, पुढे जाऊन परत येईपर्यंत तीनेक तास. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८८१ पासून सात उन्हाळे सिल्सला राहिला ते घर आता संग्रहालय आहे.

सकाळी मालोयाच्या बाजूने तळ्यावर ढगाची लांब, सपाट पट्टी सरपटत येताना दिसली तर तिला इथे ‘मालोयाचा साप’ म्हणतात. ती बहुधा हवा बिघडण्याची खूण असते. मग पुढचे दोन दिवस असे ठरवा: ढग दक्षिणेकडून येत असतील तर पाऊस दक्षिणेकडच्या बर्गेल (सातवा दिवस) आणि पोस्क्याव्होच्या खोऱ्यांत कोसळतो आणि खालचं एंगाडिन पुष्कळदा कोरडं राहतं, तेव्हा तिथल्या ग्वार्दाला (आठवा दिवस) जा. उत्तरेकडून आले तर उलट, दक्षिणेची खोरी उन्हात असतात. वर दिवसांना दिलेले आकडे यासाठी बिनदिक्कत बदलावेत.

सातवा दिवस: बर्गेलचे चेस्टनट

पिवळी पोस्टबस मालोयाच्या टोकावरून अक्षरशः खाली पडते. घाट इतका अचानक की लार्चचं रान मागे राहून अर्ध्या तासात वेगळीच झाडी सुरू होते. ज्यांना बस लागते त्यांनी पुढे बसावं. प्रोमोंतोन्योला उतरून छोट्या बसने सोल्योला जा: दगडी छपरांचं गाव, समोर शिओरा शिखरांची रांग. २०१७ च्या ऑगस्टमध्ये समोरच्या पिझ चेंगालोचा कडा कोसळून बोंडो गावात दगडमातीचा लोंढा घुसला होता. बोंडास्का दरीतल्या वाटांच्या सूचना म्हणून गंभीरपणे पाळायच्या.

सोल्योहून कास्तासेन्यापर्यंत दीड तासाची उतरण चेस्टनटच्या बागांतून आहे. बागेतल्या दगडी झोपड्यांत चेस्टनट खाली मंद धूर ठेवून काही आठवडे वाळवतात. धूर छपराच्या फटींतून येताना दिसतो. वाटेवर पडलेली फळं उचलू नका, झाडांना मालक आहेत. दुकानात चेस्टनटचं पीठ मिळतं. परतीची बस कास्तासेन्याहूनच. वेळ आधी बघून ठेवा.

आठवा दिवस: ग्वार्दा आणि परत

परतीला आलेली वाट पुन्हा धरू नये. पोंट्रेसिनाहून शुओल-तारास्पची गाडी धरून ग्वार्दाला उतरा. गाव स्टेशनाच्या बरंच वर आहे; बस दहा मिनिटांत नेते, सामान असताना चढायचं मनात आणू नका. मोठ्या बॅगा असतील तर आधी शुओलपर्यंत जाऊन त्या तिथे ठेवून मागे यावं.

घरांच्या भिंतींवरची नक्षी रंगवलेली नाही, कोरलेली आहे. राखाडी वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच खिळ्याने खरवडून खालचा राखाडी उघडा करायचा. जवळ जाऊन बोट फिरवलं तर खाच लागते. गावात कुणी भेटलं तर ‘अल्लेग्रा’ म्हणा, हा इथला नमस्कार.

निघताना लांडक्वार्टची गाडी धरा. साल्यैन्सला नुसती गाडी बदलता येते; त्या स्टेशनाला बाहेर पडायला रस्ताच नाही, तेव्हा चुकून उतरलात तर पुढच्या गाडीची वाट बघण्याशिवाय इलाज नसतो. मग १९ किलोमीटरचा व्हेराइना बोगदा, पलीकडे क्लोस्टर्स, आणि लांडक्वार्टला मोठ्या रुळांवरची झुरिकची गाडी. संध्याकाळी झुरिकला पोचून रात्र विमानतळाजवळ काढा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तासांचा होतो. परतीची तारीख त्याच्या आसपास असेल तर गजर लावताना हे बघून घ्या.